.२४३ युथ रायफल, एका सीझननंतर: दस्ता झकास, स्क्रू भिकार

ऑक्टोबरपर्यंत शंभर यार्डांवर दीड इंचात बसणाऱ्या गोळ्या नोव्हेंबरच्या तोंडावर पाच इंचांत विखुरल्या, म्हणून हा रिव्ह्यू, इथे अमेरिकेत मुलांना हरणाच्या शिकारीला नेणाऱ्या आपल्या लोकांसाठी. युथ रायफल म्हणजे मुलांच्या मापाची, आणि .२४३ हे तिच्या काडतुसाचं माप (कॅलिबर). कंपनीचं नाव लिहीत नाही. बोल्ट ॲक्शन (दर गोळीनंतर बोल्टचा दांडा हाताने मागेपुढे करायचा), २० इंची नळी, दुकानातूनच बसवून आलेला ३-९×४० स्कोप (नेमासाठीची दुर्बीण, ३ ते ९ पट), एवढं सांगितलं की कुठल्या गटातली रायफल ते कळेलच.

कस्टमर केअरचं उत्तर ठरलेलं: रायफल पाठवा, पाठवायचा खर्च तुमचा, चार ते सहा आठवडे लागतील. विस्कॉन्सिनचा गन डिअर सीझन नऊ दिवसांचा! सहा आठवड्यांनी ती परत येईल तेव्हा काय भिंतीवर टांगायची?

रोग निघाला स्कोपच्या खाली. बेस म्हणजे रायफलीवर बसणारी पट्टी, तिच्यावरच्या रिंगा स्कोप धरतात. मागच्या बेसचा एक स्क्रू बोटाने फिरत होता. रिंगांचे स्क्रू वरून दिसतात, ते सगळे घट्टच होते, त्यामुळे तिकडे पाहून काही कळत नाही. स्कोप उतरवल्याशिवाय बेसच्या स्क्रूला हात लागत नाही. कारखान्यात त्यावर तेल राहिलेलं, लॉकटाइटचा (स्क्रू सुटू नये म्हणून लावायचा गोंद) पत्ता नाही. उपाय सोपा आहे: स्क्रू आणि भोक दोन्ही अल्कोहोलने पुसायचं, निळ्या लॉकटाइटचा अगदी बारीक थेंब, मग टॉर्क ड्रायव्हरने (ठरवलेल्या जोराइतकंच आवळणारा पेचकस) बेसला साधारण २० इंच-पौंड, रिंगांच्या टोप्यांना १५ ते १८. त्याहून जास्त आवळलं तर स्कोपची नळी चेपते. टॉर्क ड्रायव्हरला पन्नास-साठ डॉलर जातात आणि ते जाताना जीव वर येतो, पण .२४३ च्या वीस काडतुसांचा डबा तीस-चाळीसला पडतो. ढिल्या स्कोपमागे दोन डबे उडवण्यापेक्षा ड्रायव्हर स्वस्त. तेव्हा स्कोपला आधी दिलेला एक स्टार आता तीन करतोय. बिचाऱ्या काचेचा काही दोष नव्हता.

आता खरा विषय, दस्त्याची लांबी. ट्रिगरपासून बटपॅडपर्यंतचं (दस्त्याच्या मागच्या टोकाची, म्हणजे बटची, गादी) अंतर मोठ्यांच्या रायफलीत साडेतेरा इंचांच्या आसपास असतं, हिच्यात साडेबारा आणि सोबत दस्ता लांबवायला मधे घालायचा अर्ध्या इंचाचा स्पेसर. मोजायची रीत अशी: कोपर काटकोनात वाकवायचं, बट कोपराच्या आतल्या बाजूला टेकवायचा आणि तर्जनीचं पेर सहज ट्रिगरवर पोचतंय का पाहायचं. ही झाली ढोबळ चाचणी. खरी चाचणी रायफल खांद्याला लावून, आणि तीही थंडीचं जाड जॅकेट घालून. दुकानात टी-शर्टवर चपखल बसलेला दस्ता नोव्हेंबरात लांब होतो, कारण जॅकेटच अर्धा इंच खातं. मग मूल कंबरेतून मागे झुकतं, रायफलीचं वजन पुढच्या हातावर येतं आणि क्रॉसहेअर (स्कोपमधली नेमाची फुली) हरणाच्या पोटावरून पाठीवर फिरत राहतं. फार आखूड असेल तर उलटी गत: भुवई स्कोपला भिडते आणि धक्क्याबरोबर कपाळावर अर्धचंद्र उमटतो. त्या पोराला पुन्हा रायफल धरायला लावणं महाकठीण.

स्पेसर घातला की डोळा मागे जातो, म्हणून स्कोपही तेवढाच मागे सरकवावा लागतो. स्कोप सरकला की झीरो पुन्हा, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागेल असा स्कोप क्लिक-क्लिक फिरवून जुळवायचा. आधी २५ यार्डांवर, तिथे एक क्लिक म्हणजे इंचाचा सोळावा भाग. मग शंभरवर, तिथे चार क्लिकला एक इंच. हे माहितीपत्रकात एका ओळीत लिहायला काय जात होतं? वर स्पेसरसाठी लागणारे लांब स्क्रू डब्यात नाहीतच, ते हार्डवेअरच्या दुकानातून आणायचे. चारशे-पाचशे डॉलर घेता आणि दोन स्क्रू देववत नाहीत! या एका गोष्टीसाठी पूर्ण स्टार कापलाय, आणि तो परत मिळणार नाही.

कॅलिबरवर जास्त वाद नको. .२४३ विंचेस्टर १९५५ पासून हेच काम करतंय, धक्का मोठ्यांच्या .३०८ कॅलिबरच्या साधारण निम्मा. ९५ ते १०० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) सॉफ्ट पॉइंट, म्हणजे शिशाचं टोक उघडं असलेली, किंवा ८० च्या आसपासची तांब्याची गोळी घ्या; ५५-५८ ग्रेनवाल्या कोल्ह्या-घुशींसाठी असतात, हरणावर वरवर फुटतात. नेम खांद्याच्या जरा मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात, आणि अंतर शंभर यार्डांच्या आत. ७ एमएम-०८ हे कॅलिबर जास्त दमदार आहे खरं, पण हलक्या रायफलीत त्याचा झटका दहा-बारा वर्षांच्या खांद्याला जाणवतो. सरावाची बरीचशी काडतुसं .२२ मध्येच संपवा. .२४३ ची एका बैठकीत पाच-सहा, मग बंद. आखूड नळीचा आवाज धक्क्यापेक्षा जास्त घाबरवतो, त्यामुळे कानात फोमचे बोळे आणि त्यावर मफ, दोन्ही. मधेच न सांगता एक स्नॅप कॅप (न उडणारं नकली काडतूस) भरा. ‘टक्’ आवाजाबरोबर नळी खाली दचकली, म्हणजे पोरगं धक्क्याला घाबरतंय, तर त्या दिवशीचा सराव तिथेच थांबवा.

ट्रिगर चार पौंडांवर आणता येतो, ठीक आहे. सेफ्टी मात्र मनापासून आवडली: ती लावलेली असतानाही बोल्ट उघडतो, म्हणजे काडतूस काढताना रायफल क्षणभरही सेफ्टीविना राहत नाही. मुलाच्या हातात द्यायच्या रायफलीत मी हे आधी बघेन, नळीची लांबी नंतर.

आपल्याकडे भारतात शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गेली, तेव्हा घरात विचारायला काका-आजोबा नाहीत. दुकानदार सांगेल ती पूर्व दिशा होऊन बसते. म्हणून कागदाचंही लिहितो. एच-१बी वर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक बाळगायला बंदी आहे. राज्याचं चालू हंटिंग लायसन्स हा त्यातला एक अपवाद. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. अठराच्या आतल्याला दुकान विकत नाही, खरेदी पालकाने करायची. विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशन लागतं, म्हणजे बहुतेक बापांनाही वर्गात बसावं लागणार. घरी रायफल कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात.

एकूण साडेतीन स्टार. मोठ्यांचा दस्ता याच रायफलीवर बसतो, पण वेगळा विकत घ्यावा लागतो. तो घेतलात तरी छोटा फेकू नका. धाकट्या भावंडाला लागेल, नाहीतर वापरलेल्या युथ दस्त्याला गिऱ्हाईक सहज मिळतं.