साइड व्हीलचं गॅरेज, उद्यमनगर, कोल्हापूर: दोन वर्षं वापरून लिहिलेला अनुभव

"फाटकाचं माप आणलंय का, ताई?"

गॅरेजमध्ये गेल्यावर मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी मिरजेहून एसटीनं कोल्हापूरला आणि तिथून रिक्षानं उद्यमनगरात आले होते. डाव्या पायातला कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणाऱ्या धातूच्या पट्ट्या, उन्हानं तापला होता. पिशवीत स्वावलंबन कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र), आधार, जुनं लायसन, सगळं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये लावून आणलं होतं, कारण कुठेही गेलं की आधी तेच मागतात. इथे ते कुणी मागितलं नाही. मुलाला फोन लावला, त्यानं घराच्या फाटकाला टेप धरून सांगितलं, अडतीस इंच. मालकांनी, त्यांना सगळे भाऊ म्हणतात, खडूनं फरशीवर आकडा लिहिला आणि म्हणाले, "आमचा नेहमीचा साचा चाळीस इंच रुंदीचा हाय. तुमची गाडी छत्तीसवर बांधू. त्याच्या खाली मात्र मी येणार न्हाई, वळणावर पलटी खाईल."

मी पंचेचाळीस वर्षांची, एका पतसंस्थेत रोखपाल आहे. पोलिओ दीड वर्षाची असताना झाला. कामाची जागा घरापासून साडेचार किलोमीटर, आणि स्कूटरशिवाय माझी नोकरी टिकली नसती. त्यामुळे हे गॅरेज माझ्यासाठी काय आहे, ते सविस्तर लिहिते. इंटरनेटवर मापं-किमती शोधताना मला मराठीत काहीच मिळालं नव्हतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गिअर नसलेल्या स्कूटरच्या मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक जादा चाक बसवतात. गाडी ओढायचं काम मूळचं मागचं चाकच करतं, बाजूची चाकं फक्त तोल धरतात. म्हणजे सिग्नलला पाय टेकावा लागत नाही. दोन्ही ब्रेक हातात, चालू करायला बटण, त्यामुळे पायाचं काम उरत नाही. पण ही चाकं जोडायच्या दोन तऱ्हा आहेत आणि त्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. स्वस्तातली तऱ्हा म्हणजे एक सरळ लोखंडी चॅनल आडवा वेल्डिंग करायचा आणि त्याच्या दोन टोकांना चाकं. एक चाक खड्ड्यात गेलं की दुसरं उचललं जातं आणि सगळा हिसका कमरेत येतो. माझी २०११ ची पहिली गाडी अशीच होती. सात वर्षांत पाठीचा मणका दुखायला लागला तो आजही दुखतो. भाऊ प्रत्येक चाकाला वेगळा हात आणि वेगळा शॉकअप देतात. चेसीसला वेल्डिंग करत नाहीत, नट-बोल्टनं पकडतात.

आणखी दोन गोष्टी त्यांनी मी न मागता केल्या. कॅलिपरचा गुडघा लॉक असताना पाय सरळ पुढे राहतो आणि खड्ड्यात घसरून बाहेर येतो. त्यांनी मला गाडीवर बसवून बुटाची जागा खडूनं आखली आणि तिथे पत्र्याची उथळ वाटी ठोकून रबर लावलं. कुबडीसाठी उजव्या हाताला हूक, कारण मी उजवीकडून उतरते. हे त्यांनी माझं उतरणं बघून ठरवलं.

गाडी मिळाल्यावर लगेच घरी सोडलं नाही. मागच्या बोळात आठ फेऱ्या मारायला लावल्या. साइड व्हीलची गाडी वळताना झुकत नाही, ती माणसाला बाहेर फेकते. वेग पंधराच्या आत आणून अंग आतल्या बाजूला टाकायचं, हे अंगात भिनेपर्यंत ते माझ्या शेजारी चालत होते. त्यांच्या स्वतःच्या पायातही पोलिओ आहे.

आता कागदांकडे येते, कारण माझ्या लेखी या गॅरेजचा खरा मोठेपणा तिथे आहे.

२०११ च्या गाडीला चाकं बसवली ती गावातच, एका वेल्डिंगच्या दुकानात. आरसी बुकात गाडी दुचाकीच राहिली. २०१८ मध्ये एका टेम्पोनं मागून धडक दिली, तेव्हा विमा कंपनीच्या माणसानं गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "नोंदीत दोन चाकं आहेत, इथे चार कशी?" दावा नामंजूर. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं की गाडीत बदल केला तर नोंदणी कार्यालयाची मंजुरी घ्यावी लागते. अपंग व्यक्तीसाठी केलेल्या बदलाला आता त्याच कलमात वाट ठेवलेली आहे. मंजुरी लागते हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. वेल्डिंगवाल्यानं नाही, शोरूमनं नाही, विमा विकणाऱ्यानं तर नाहीच. सात वर्षं मी हप्ते भरत होते आणि माझ्या गाडीला विम्याचा आधार असा नव्हताच.

भाऊंनी मला गाडी घ्यायच्या आधी फोनवर सांगितलं होतं: शोरूमला सांगा, तात्पुरता नंबर पाहिजे, कायमचं पासिंग चाकं बसल्यावर. शोरूमचा माणूस तयार नव्हता. असं कधी करत नाही, गाडी घ्या, मग काय ते बदला, हे त्याचं पालुपद. भाऊंनी त्याच्याशी स्वतः बोलून ते मान्य करवलं. चाकं बसली, मोटार वाहन निरीक्षकांनी गाडी बघितली, आणि आरसीवर वाहनाचा वर्ग लागला 'अडॅप्टेड व्हेइकल'. करमाफीचा अर्ज त्याच फायलीत लावायला त्यांनी सांगितलं, तोही मंजूर झाला. शिवाय विम्याच्या वेळी आयएमटी १२ या कलमाची आठवण करून दिली. अपंग व्यक्तीसाठी बदललेल्या गाडीला स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात त्यानं सवलत मिळते, पण आरसीवर नोंद असली तरच. म्हणजे एका नोंदीवर केवढं काय उभं आहे बघा.

'अडॅप्टेड व्हेइकल' या दोन शब्दांबद्दलही थोडं लिहिते. २०१० मध्ये मी पहिलं लायसन काढलं तेव्हा त्यावर वर्ग होता 'इनव्हॅलिड कॅरेज'. माझ्या मुलानं पुढे शाळेत डिक्शनरी उघडून इनव्हॅलिडचे अर्थ वाचून दाखवले: आजारी माणूस, आणि रद्दबातल. तो नऊ वर्षांचा होता. त्यानं विचारलं, "आई, यातलं कुठलं?" २०१९ च्या दुरुस्तीनं कायद्यातून ते नाव गेलं आणि 'अडॅप्टेड व्हेइकल' आलं, म्हणजे जुळवून घेतलेली गाडी. मला स्वतःला कुणी अपंग म्हटलं तर वाईट वाटत नाही, मी तोच शब्द वापरते. पण लायसन दर वेळी पोलिसाच्या हातात द्यायचं असतं, तिथे काय छापलंय याचा फरक पडतो. सरकारनं केलेल्या बदलांपैकी हा एक बदल माझ्यापर्यंत जसाच्या तसा पोहोचला, म्हणून त्याचे आभार इथे मानते.

बाकीचे मात्र वाटेतच अडलेत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चं ४१ वं कलम काढून वाचा. सरकारनं दिव्यांग व्यक्तीला परवडेल अशा खर्चात हिंडता-फिरता यावं म्हणून योजना आखाव्यात, आणि त्यात सवलती, वाहनांमध्ये बदल करून देणं आणि वैयक्तिक मदत या तिन्ही गोष्टी असाव्यात, असं तिथे स्पष्ट आहे. वाहनांमध्ये बदल, म्हणजे भाऊ करतात तेच काम. ते वाचलं तेव्हा मला रडू आलं. माझी गरज दिल्लीत बसलेल्या कुणाला तरी बरोबर कळली होती आणि संसदेनं ती मंजूरही केली होती. पण साइड व्हीलचे साडेसोळा हजार मी पतसंस्थेतून कर्ज काढून भरले. मदतीसाठी मी चार ठिकाणी विचारलं. चारही ठिकाणी उत्तर मिळालं, मोटारची तिचाकी आहे, पण तुमचे टक्के बसत नाहीत.

टक्क्यांचं असं आहे. माझ्या कार्डावर अपंगत्वाचे साठ टक्के आहेत. चाळीसच्या वर असल्यामुळे नोकरीतल्या आरक्षणाला आणि एसटीच्या पंचाहत्तर टक्के सवलतीला मी बसते. केंद्राच्या 'एडिप' योजनेतून मोटारची तिचाकी मिळते, तिला ऐंशी टक्के लागतात. ऐंशी टक्केवाल्यांना ती मिळालीच पाहिजे, त्यात कुणाचं काही म्हणणं नाही. पण साठ टक्क्यांच्या माणसाचं ऑफिस जवळ येतं का? माझा एक पाय पूर्ण गेलेला आहे आणि तो गाडीच्या बाबतीत शंभर टक्केच गेलेला आहे. नव्या नियमांनी कार्डाला रंग दिलेत: चाळीसच्या आत पांढरा, ऐंशीच्या आत पिवळा, त्यावर निळा. ओळखायला सोपं झालं. पण फाटक किती इंचाचं आहे, माणूस कुठल्या बाजूनं उतरतो, कामाची जागा किती लांब आहे, हे त्या रंगात कुठेच येत नाही.

आणि एक गोष्ट मला अजूनही सहन होत नाही. माझी गाडी घेतली त्या काळात अस्थिव्यंग व्यक्तीनं ठरावीक मापाची चारचाकी घेतली तर जीएसटीत सवलत होती. स्कूटरला नाही. ज्याला चारचाकी परवडते त्याला सूट, आणि ज्याची सगळी कमाई स्कूटरवर अवलंबून आहे त्यानं पूर्ण अठ्ठावीस टक्के भरायचे. मी ते भरले. २०२५ च्या सप्टेंबरात स्कूटरचा कर सगळ्यांसाठीच अठरावर आला, चांगलं झालं, पण त्यात आमचा विचार कुणी केला होता असं नाही.

आपल्या राज्यात ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत सगळ्यांनी स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्चायचा असतो. त्यातून साइड व्हीलला मदत देता येईल. अर्ज करताना 'तीनचाकी' असं मोघम न लिहिता 'स्कूटरला साइड व्हील, नोंदणीसह' असं लिहा. आपण नेमकं मागितलं नाही तर यादीत ते येणार नाही. मी माझ्या प्रभागात तसा अर्ज दिला आहे.

गॅरेजच्या उणिवा. कबूल केलेल्या तारखेपेक्षा गाडी अकरा दिवस उशिरा मिळाली, आणि त्या अकरा दिवसांत मी रिक्षाला किती पैसे घातले ते मलाच माहीत. चाकांच्या हाताला लावलेला रंग पहिल्याच पावसाळ्यात सुटला, गंज आला. पावडर कोटिंग करून द्या, हजार जास्त घ्या, असं मी त्यांना सांगितलंय आणि आता ते तसं देतात. रिव्हर्सची मोटार ते बसवत नाहीत. ज्यांना गाडी मागे ढकलायला कुणी सोबत नसतं त्यांच्यासाठी ही मोठी अडचण आहे. बेअरिंगला दर तीन महिन्यांनी ग्रीस लागतं, हे आधी सांगायला हवं होतं. मला ते आवाज यायला लागल्यावर कळलं.

गाडीच्या रुंदीचा त्रास गॅरेजच्या हातात नाही, तरी घेणाऱ्यानं जाणून घ्यावं. पार्किंगमध्ये आपण कुठेच बसत नाही. दुचाकीच्या रांगेत दोघांची जागा खातो म्हणून ओरडतात. दिव्यांगांसाठी आखलेली जागा चारचाकीच्या मापाची, साडेतीन मीटरच्या वर रुंद, आणि तिथून "ही चारचाकीची आहे" म्हणून मला दोनदा उठवलं. एकदा मी उठले. दुसऱ्यांदा आरसी दाखवली, 'अडॅप्टेड' वर बोट ठेवलं आणि जागेवरून हलले नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना सहज वावरता यावं यासाठीचे, नियम नुसती शिफारस म्हणून चालणार नाहीत, किमान मानकं बंधनकारक असली पाहिजेत. ती मानकं ठरवणाऱ्यांनी एकदा तरी साइड व्हीलची स्कूटर टेप लावून मोजावी, अशी माझी मनापासून विनंती आहे.

चौदा हजार किलोमीटर झाले. एक शॉकअप बदलला, बाकी गाडी सरळ चालते. पाचपैकी साडेचार देईन, अर्धा त्या अकरा दिवसांचा कापला.

जाणार असाल तर सोमवारी जाऊ नका, बंद असतं. आधी फोन करा, गाडी घ्यायच्या आधी, नंतर नाही. पुढच्या महिन्यात मी बुश बदलायला जाणार आहे तेव्हा आमच्या गल्लीतली एक मुलगी सोबत येणार आहे. बी.कॉम. झालीय, कुपवाडला नोकरी लागलीय, आणि रोज वडील सोडायला जातात. तिच्या फाटकाचं माप घेऊन ठेवलंय, एक्केचाळीस इंच. ती डावीकडून उतरते.