अथेन्स मॅरेथॉन: रेसला पैकीच्या पैकी, पॅकेज काठावर पास

आम्ही जळगावचे तिघं एका टूरवाल्याच्या मॅरेथॉन पॅकेजमधून नोव्हेंबरात अथेन्सला पळून आलो. रेसबद्दल तक्रार शून्य. सुरुवात मॅरेथॉन नावाच्या गावातच, मग लगेच इ.स.पू. ४९० ला इथेच पर्शियनांशी झालेल्या लढाईत पडलेल्या १९२ अथेन्सवाल्यांच्या समाधीच्या टेकाडाला वळसा, रस्त्यात म्हाताऱ्या बाया ऑलिव्हच्या फांद्या हातात देतात, माझी फांदी मी शेवटपर्यंत सोडली नाही, घामाने पानं तळहाताला चिकटून बसलेली. पण साधारण १० ते ३१ किमी चढच चढ, मधले उतार नुसते फसवे. मेहरूण तलावाला सपाटीवर चकरा मारून गेलात तर वाट लागेल भाऊ, आधी चाळीसगावचा कन्नड घाट दोन-चारदा चढा. शेवट संगमरवरी पानाथेनाइक स्टेडियममध्ये, १८९६ ला स्पिरिडॉन लुईस ऑलिम्पिक मॅरेथॉन जिंकला ते हेच, आत शिरताना काटा आला अंगावर.

आता पॅकेज. "सेंटरला हॉटेल" म्हणे, तिथून मेट्रोच वीस मिनिटं चालत! आदल्या रात्रीचं "इंडियन डिनर" म्हणजे गार पुलाव अन् गोडसर पनीर, शेवटी घरच्या दशम्या अन् शेंगदाण्याची चटणी काढली तेव्हा जिवात जीव आला. पहाटेची बस आयोजकांचीच, पण टूरवाल्याचा पोरगा अंधारात तिथवर सोडायला आला हां. तीन स्टार, त्यातला एक त्याचा. पुढच्या वेळी एंट्री, हॉटेल सगळं स्वतःच बुक करणार.