अंगावरून पांढरं जातं: गावातलं हिरवं किट की इंदुरातली तपासणी?
इंदुरात राजवाड्यामागे राहणारी आमची मावशी "अंगावरून जातंय" हे डॉक्टरांना सांगायला सहा महिने लावते. जवळच्या सांवेरकडून भाजी घेऊन येणारी बाई तर सांगतच नाही. लाज दोघींची सारखीच, सोय वेगळी.

गावातल्या सरकारी आरोग्य केंद्रात लक्षणांवरून हिरवं किट देतात: सेक्निडाझोल २ ग्रॅम (जिवाणूंवर) आणि फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅम (बुरशीवर), एकेकच डोस. फुकट आणि त्याच दिवशी. दुसरी खेप म्हणजे बुडालेली मजुरी, म्हणून हे मोठंच. पण मूळ गर्भाशयमुखाच्या गोनोरियात किंवा क्लॅमिडियात (संबंधांतून पसरणारे संसर्ग) असेल तर हिरवं किट निरुपयोगी. तिथे वेगळ्या औषधांचं करडं किट लागतं. आतून तपासल्याशिवाय हा फरक सहसा उमगत नाही, आणि घाईत तपासणीच वगळली जाते.

शहरात स्रावाची स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, पीएच (आम्लता) मोजतात. ४.५ च्या वर आणि माशासारखा वास असेल तर बहुधा जिवाणूंचा बिघाड. खाज आणि दह्यासारखा स्राव असेल तर बुरशी. नेमकं कळतं, पण खिसा हलका होतो. (मावशी आधी मेडिकलवाल्याला विचारून मलम आणते, ते निराळंच!)

साध्या खाजेला मी गावचं केंद्रच सुचवेन. ओटीपोटात दुखत असेल, ताप असेल किंवा दिवस गेले असतील, तर मात्र सरळ इंदूर गाठावं. गरोदरपणी ते हिरवं किट नकोच.