टॅली, झोहो, ओडू की ईआरपीनेक्स्ट: सबस्क्रिप्शन परवडतं की ओपन सोर्स?

वीस-पंचवीस माणसांचं युनिट, थोडं जॉबवर्क, एखादं गोडाऊन आणि अकाउंटला एकच माणूस, अशा धंद्यासाठी हिशोबाचं सॉफ्टवेअर बदलायचं म्हटलं की सगळे आधी रेट विचारतात. मी आधी हे विचारेन की पैसे भरणं थांबवलं त्या दिवशी माझ्या हिशोबाचं काय होणार? कारण कंपनी असेल तर वह्या ८ आर्थिक वर्षं सांभाळाव्या लागतात, आणि जीएसटीचं रेकॉर्ड वार्षिक रिटर्नच्या ड्यू डेटपासून ७२ महिने. म्हणजे सॉफ्टवेअर तिसऱ्या वर्षी सोडलंत तरी त्यातला डेटा पुढे कितीतरी वर्षं उघडता आला पाहिजे.

टॅली या बाबतीत निवांत आहे. लायसन्स एकदा घ्या, डेटा तुमच्याच मशीनवर राहतो. वर दरवर्षी टीएसएस (टॅलीची वार्षिक सेवा-वर्गणी) रिन्यू करायचं, नाही केलं तर सॉफ्टवेअर चालू राहतं पण अपडेट आणि ऑनलाइन सोयी बंद, आणि ५ कोटींच्या वर टर्नओव्हर असेल तर १ ऑगस्ट २०२३ पासून बी-टू-बी (धंद्याला धंद्याने केलेल्या) विक्रीला ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) लागतोच, तो थेट टॅलीतून काढायचा तर टीएसएस आलंच, त्यामुळे ‘एकदाच पैसे’ हे अर्धंच खरं. भाड्याचं लायसन्सही मिळतं, ते संपलं की मात्र एज्युकेशनल मोड, म्हणजे ठराविक तारखांच्याच एन्ट्र्या होतात (क्लासमध्ये टॅली शिकलेल्यांना त्या १, २ आणि ३१ तारखेच्याच एन्ट्र्या आठवत असतील). पण टॅलीची खरी ताकद म्हणजे तुमच्या सीएला ती येते, आणि उद्या अकाउंटंट सोडून गेला तरी दुसरा आठवड्यात मिळतो. प्रॉडक्शनचा हिशोब मात्र त्यात ओढूनताणूनच बसतो.

झोहो बुक्स सरळ सबस्क्रिप्शन. ब्राउझरमध्ये चालतं, मोबाइलवर छान दिसतं, सीएला स्वतःचं लॉगिन देता येतं, सर्व्हर-बॅकअपची कटकट नाही. सर्व्हिसवाले, ट्रेडिंगवाले, मालक सतत फिरतीवर असलेले लोक, त्यांनी डोळे झाकून घ्यावं असं माझं मत. सोडताना डेटा एक्सपोर्ट होतो, पण फाइलींचा गठ्ठा हातात येणं वेगळं आणि त्यातून चालतं खातं परत उभं करणं वेगळं, त्याला माणूस बसवावा लागतो.

ओडूबद्दल जरा सावध राहा. कंपनी बेल्जियमची. कम्युनिटी आवृत्ती ओपन सोर्स आहे (कोड सगळ्यांना खुला, वापरा-बदला), फुकट आहे, डेमो बघून सगळे खूश होतात, आणि मग कळतं की बिलं निघतात पण पूर्ण अकाउंटिंग एंटरप्राइझ या पैशाच्या आवृत्तीत आहे, त्याचे पैसे माणशी. दुकान, वेबसाइट, स्टॉक सगळं एकत्र हवं असेल तर चीज चांगली आहे, फक्त बजेट एंटरप्राइझचंच धरा.

माणशी पैसे म्हटलं की एक गंमत सगळीकडे दिसते: स्टोअर, डिस्पॅच आणि क्यूसी (माल तपासणारा), तिघं मिळून एकच लॉगिन वापरतात. पैसे वाचतात, पण १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना बंद न करता येणारा एडिट लॉग (कोणी, कधी, काय बदललं याची नोंद) लागतो, आणि प्रत्येक बदलासमोर ‘स्टोअर’ एवढंच नाव असेल तर ऑडिटरने त्यातून काय वाचायचं?

ईआरपीनेक्स्ट इथेच पुढे जातं. मुंबईच्या फ्रापे कंपनीचं, जीपीएल हे ओपन सोर्स लायसन्स, शेअर ब्रोकर झिरोधासारखी कंपनी वापरते, आणि स्वतःच्या सर्व्हरवर टाकलं तर युजर ५ असोत की ५०, लायसन्सचा रुपया नाही. बीओएम (मालाला लागणाऱ्या कच्च्या मालाची यादी), वर्क ऑर्डर (काय किती बनवायचं याचा आदेश), जॉबवर्कला माल पाठवणं-परत घेणं हे सगळं मुळातच आहे. पण फुकट ते पौष्टिक असं समजू नका. जीएसटीसाठी इंडिया कम्प्लायन्स हे ॲप वेगळं टाकावं लागतं, सर्व्हर, बॅकअप, अपग्रेड सगळं कोणीतरी बघायचं, आणि तो ‘कोणीतरी’ हाच खरा खर्च. स्वस्त म्हणून परदेशातला सर्व्हर घेतलात आणि तुमची कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर ठेवायचा नियम आहे, तेही बघा. इम्प्लिमेंट करणाऱ्याला एक प्रश्न नक्की विचारा, की बदल वेगळ्या कस्टम ॲपमध्ये करणार का मूळ कोडमध्येच हात घालणार? उत्तर दुसरं असेल तर पुढच्या अपग्रेडला सगळं अडकणार आणि तुम्ही त्याच माणसाच्या हातात राहणार, मग ओपन सोर्स असून उपयोग काय.

ओपन सोर्सचं लायसन्सही बदलू शकतं हे खरं आहे. सर्व्हर उभे करायचं टूल टेराफॉर्म, त्याचं ऑगस्ट २०२३ मध्ये बदललं, रेडिस या डेटाबेसचं मार्च २०२४ मध्ये. पण जुना कोड जुन्याच लायसन्सवर राहिला आणि लोकांनी त्यावरून ओपनटोफू आणि व्हॅल्की हे खुले पर्याय उभे केले. उलट ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर (एका मशीनवर अनेक सर्व्हर चालवायचं बंद कोडचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी) घेतल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये कायमची लायसन्सं विकणंच बंद केलं, तिथे गिऱ्हाईकाकडे काय होतं? सबस्क्रिप्शन घ्या नाहीतर घर बदला.

माझं म्हणाल तर नुसतं खरेदी-विक्रीचं काम आणि सीए टॅलीवाला, तर हलू नका. प्रॉडक्शन आहे, युजर पंधराच्या वर जाणार आहेत आणि घरात लिनक्स कळणारा एक जण आहे, तर ईआरपीनेक्स्ट. तो एक जण नसेल तर फ्रापेचंच क्लाउड घ्या, तिथे महिन्याचे पैसे जातात पण माणशी नाही.

आणि काहीही घेतलंत तरी बदल १ एप्रिललाच करा, ओपनिंग बॅलन्स सीएकडून तपासून घ्या, आणि जुना प्लॅन लगेच बंद करू नका. मागच्या वर्षाचा जीएसटीआर-९ (जीएसटीचं वार्षिक रिटर्न) भरायची तारीख ३१ डिसेंबर असते, तोपर्यंत जुन्या एन्ट्र्या दहा वेळा उघडाव्या लागतात.