शिष्यवृत्तीचे २७,६०० रुपये मुलीच्याच अंगठ्यानं काढून नेले : डिप्लोमाच्या पालकांनो, आजच तपासा

माझ्या मुलीच्या नावानं आलेले शिष्यवृत्तीचे २७,६०० रुपये तिचाच अंगठा घेऊन काढून नेले. त्याआधी फॉर्म भरायचे म्हणून १,२०० आणि ‘सीडिंग’चे (सरकारी पैसे कुठल्या बँकेत पडावेत ते आधारपुढे नोंदवण्याचे) म्हणून ३०० घेतले होते. एकूण २९,१०० रुपये. मुलगी खासगी पॉलिटेक्निकला दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या वर्गातल्या आणखी काही मुलांचे पैसे याच वाटेनं गेलेत, पण त्यांचे आईवडील तोंड उघडायला तयार नाहीत. लोक एकच विचारतात, ‘एवढी शिकलेली पोर, तिला कळलं कसं नाही?’ हा प्रश्न ऐकून ऐकून संताप आलाय. कळण्यासारखं काय होतं आणि काय नव्हतं ते आधी वाचा.

एजंट कसे गोड बोलतात, दुप्पट पैशाचं आमिष कसं दाखवतात, हे सगळ्यांना माहीत आहे. इथे आमिष नव्हतंच. हक्काची, दरवर्षी मिळणारी शिष्यवृत्ती होती. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांची भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, उत्पन्न मर्यादा अडीच लाख, अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, मागच्या वर्षाची गुणपत्रिका, फीची पावती, प्रवेश फेरीचं अलॉटमेंट लेटर, सगळं नीट जोडलेलं. रिन्युअलचा अर्ज होता. पहिल्या वर्षाचे पैसे तिच्या राष्ट्रीयीकृत बँकेतल्या खात्यात बिनबोभाट आले होते.

पैशाची वाट समजून घ्या, कारण चोरी अर्जात होत नाही, या वाटेवर होते. २०२१ पासून या शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के आहे. केंद्राचा वाटा कॉलेजकडे जात नाही, थेट विद्यार्थ्याच्या खात्यात पडतो आणि त्यातली फी विद्यार्थ्यानं सात दिवसांत कॉलेजला भरायची असते. मुलीची वर्षाची मंजूर रक्कम ४६,००० होती : फी ३९,५०० आणि निर्वाह भत्ता ६,५००. त्याचे ६० टक्के म्हणजे २७,६००. यातले २३,७०० कॉलेजचे आणि ३,९०० तिचे.

आता हे पैसे कुठल्या खात्यात पडतात? तुमच्या घरी जे पासबुक आहे त्यात पडतातच असं नाही. आधारशी शेवटचं जे खातं सीड झालं असेल, त्यात पडतात. खात्याला आधार जोडलेलं असणं वेगळं आणि सीडिंग वेगळं, हे बँकेतले लोकसुद्धा नीट सांगत नाहीत. केवायसीसाठी एकाच माणसाचं आधार चार खात्यांना जोडलेलं असू शकतं, पण सरकारी पैशासाठी एनपीसीआयच्या (बँकांमधल्या पैशाच्या देवघेवीची यंत्रणा चालवणारी संस्था) यादीत एका आधारापुढे एकाच बँकेचं नाव असतं. कुणी नवीन खातं काढून सीडिंग तिकडे वळवलं की जुनं नाव आपोआप उडतं. जुन्या बँकेचा साधा मेसेजही आम्हाला आला नाही. हा प्रकार नवा नाही. २०१७ मध्ये लोकांच्या गॅसच्या सबसिडीचे पैसे न मागता उघडलेल्या पेमेंट्स बँकेच्या खात्यांत वळल्याचं देशभर गाजलं होतं आणि आधार देणाऱ्या यूआयडीएआयनं त्या कंपनीचा ई-केवायसीचा परवानाही थांबवला होता. इतक्या वर्षांनंतरही तेच भोक तसंच उघडं आहे.

कॉलेजच्या नोटीस बोर्डावर कागद लागला : ज्यांचं आधार सीडिंग ‘इनॅक्टिव्ह’ आहे त्यांच्यासाठी शिबिर. जागा कॉलेजचं ग्रंथालय. शेजारच्या टेबलावर शिष्यवृत्तीचं काम बघणारा कॉलेजचाच क्लार्क बसलेला. शिबिर घेणाऱ्या बाहेरच्या माणसाला मुलं ‘स्कॉलरशिपवाले सर’ म्हणायची, कारण फॉर्म तोच भरायचा. मुलीचं सीडिंग खरोखरच इनॅक्टिव्ह दाखवत होतं. आमच्या बँकेत त्याचा फॉर्म देऊन झाला होता आणि काउंटरवर ‘होऊन जाईल’ एवढंच उत्तर मिळत होतं. अशा वेळी कॉलेजच्या आवारात, क्लार्कसमोर कुणी ‘झिरो बॅलन्सचं खातं काढून आत्ता सीड करून देतो’ म्हणाला, तर कुठला पालक नाही म्हणेल?

आणि आता ती जागा, जिथे खूण होती. खातं उघडताना आधारवाल्या नंबरवर एक ओटीपी आला, तो मुलीनं सांगितला. त्यानंतर बँकेचा म्हणून जो मेसेज यायला हवा, खातं उघडल्याचा, खाते क्रमांकाचा, तो तिच्या फोनवर आलाच नाही. तिनं विचारलंही. उत्तर मिळालं, ‘सर्व्हर डाऊन आहे, रात्री येईल.’ सर्व्हर डाऊन नव्हता. खात्याच्या अर्जात मोबाइल नंबरच्या रकान्यात त्यानं स्वतःकडचा नंबर टाकला होता. टॅब त्याच्या हातात आणि स्क्रीन त्याच्याकडे. महाडीबीटीच्या प्रोफाइलमध्येही तोच नंबर टाकलेला निघाला. त्या घटकेपासून मंजुरीचा मेसेज त्याला, पैसे जमा झाल्याचा मेसेज त्याला, शिल्लक त्याला. मुलीच्या हातात फक्त ‘अंडर स्क्रूटिनी’ची प्रिंट. पोरांची रांग लावून दहा-दहा मिनिटांत एकेक खातं उघडलं जात होतं, त्यात एक मेसेज आला नाही म्हणून कोण अडून बसणार? पण अडून बसायलाच हवं. खातं उघडलं आणि मेसेज तुमच्या फोनवर आला नाही, तर तिथून उठू नका. स्क्रीन स्वतःकडे वळवून मोबाइलचा रकाना वाचा.

पैसे जमा झाल्यावर त्यानं मुलीला त्याच्या दुकानात बोलावलं. ‘हप्ता आलाय, रिडीम करायला अंगठा लागतो.’ महाडीबीटीवर रिडीम करायचं, म्हणजे मंजूर हप्ता स्वीकारायचा, तर ते विद्यार्थ्याच्या स्वतःच्या लॉगिनमधून होतं, त्याला दुकानातल्या मशीनवर अंगठा द्यावा लागत नाही, हे आज ठणकावून सांगतोय. तिनं बोट ठेवलं, काचेखाली लाल दिवा लागला, तो म्हणाला, ‘नीट घेत नाहीये, बोट कोरडं आहे.’ फडक्यानं काच पुसली, पुन्हा ठेवायला सांगितलं. मग तिसऱ्यांदा. कष्टकरी घरातल्या माणसांचे ठसे मशीन खरोखरच नीट घेत नाही. रेशन दुकानात रोज तेच चालतं, त्यामुळे शंका कुणाला येणार? त्या तीन वेळा बोट ठेवण्याचा हिशोब असा निघाला : १०,०००, १०,००० आणि ७,६००. आधारवरून पैसे काढण्याच्या या पद्धतीला, म्हणजे एईपीएसला, ओटीपी लागत नाही. आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोट, एवढ्यावर पैसे निघतात. एका वेळी १०,००० ची मर्यादा असते, म्हणूनच बोट ‘कोरडं’ होतं.

मशीनवर बोट पहिल्यांदा फसलं तर पावती मागा. व्यवहार खरंच फेल झाला असेल तर फेलची पावती निघते. पावती देत नसेल तर दुसऱ्यांदा बोट ठेवू नका.

पुढे काय झालं? कॉलेजनं २३,७०० ची मागणी लावली, नाहीतर हॉल तिकीट अडेल असं सांगितलं. तेव्हा चक्रं फिरली आणि स्टेटस ‘फंड डिस्बर्स्ड’ असल्याचं समोर आलं.

मग सुरू झाली टोलवाटोलवी. आमची बँक म्हणाली, पैसे आमच्याकडे आलेच नाहीत, मॅपिंग दुसरीकडे आहे. दुसरीकडे म्हणजे कुठे, ते सांगणार नाहीत. ते आम्ही ‘मायआधार’ या आधारच्या सरकारी पोर्टलवर मुलीच्या लॉगिनमधून ‘बँक सीडिंग स्टेटस’ उघडून शोधलं. शिबिरात खातं काढलं ती एक पेमेंट्स बँक होती. तिच्या कॉल सेंटरचं उत्तर तर ऐका : ‘रजिस्टर्ड नंबरवरून फोन करा.’ रजिस्टर्ड नंबर चोराचा आहे, तक्रारच ती आहे, हे कितीही सांगा, पुन्हा तेच वाक्य. खातं मुलीच्या नावाचं, आधार मुलीचं, फोटो मुलीचा, आणि माहिती मिळण्याचा हक्क चोराच्या सिमकार्डाला! समाज कल्याण कार्यालयात उत्तर मिळालं, ‘आमच्याकडून रक्कम गेली, आमचं काम संपलं.’ लेखी द्या म्हटलं तर साहेब मीटिंगला. कॉलेजनं कानावर हात ठेवले : शिबिर बाहेरच्या माणसाचं, आमचा संबंध नाही. मग ग्रंथालयाची किल्ली त्याला दिली कुणी? नोटीस बोर्डाचं कुलूप उघडलं कुणी? पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य होतं, ‘अंगठा तुमच्याच मुलीनं दिला ना?’ दुसरं, ‘सायबरला जा.’ सायबरवाले म्हणाले, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करायला हवा होता, आता पैसे गोठवता येत नाहीत. अहो, पैसे काढल्याचा मेसेजच ज्याला आला नाही, तो लगेच फोन कसा करणार?

या सगळ्यांना मुलांची कागदपत्रं तपासायला मात्र वेळ असतो. उत्पन्नाच्या दाखल्यावर आडनावाची वेलांटी चुकली तर अर्ज ‘सेंड बॅक’ होतो. सही अस्पष्ट म्हणून ‘सेंड बॅक’. पण एकाच कॉलेजातल्या अनेक मुलांच्या प्रोफाइलवर एकच मोबाइल नंबर आहे, हे कॉलेजच्या लॉगिनला दिसलं नाही, जिल्ह्याच्या लॉगिनला दिसलं नाही, मंत्रालयाला दिसलं नाही. २०२३ मध्ये केंद्राच्या अल्पसंख्याक मंत्रालयानं शिष्यवृत्ती घेणाऱ्या १,५७२ संस्था तपासल्या, त्यातल्या ८३० बोगस निघाल्या आणि प्रकरण सीबीआयकडे गेलं. म्हणजे शोधायचं ठरवलं तर सापडतं. गरिबाच्या २७,६०० साठी शोधायचं कुणी ठरवत नाही, एवढंच.

पोलीस घेत नसतील तर वाद घालण्यात शक्ती घालवू नका. लेखी तक्रार द्या आणि पोहोच घ्या. कलमं स्वतः लिहा : भारतीय न्याय संहितेचं ३१८(४), माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ सी आणि ६६ डी. ठाण्यात गुन्हा नोंदवला नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना टपालानं पाठवा, तिथेही हललं नाही तर १७५(३) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. आमच्या अर्जावर कलमं दिसल्यावरच ठाणे अंमलदाराची भाषा बदलली.

बँकेकडे तक्रार तोंडी करू नका. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानं आणलेल्या नियमानुसार, ग्राहकाची चूक नसताना झालेला अनधिकृत व्यवहार बँकेचा मेसेज मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवला तर ग्राहकाची जबाबदारी शून्य असते. मेसेज दुसऱ्याच्याच नंबरवर गेला असेल तर हा मुद्दा अर्जात पहिल्या ओळीत घाला. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार मोफत होते. सोबत एक मागणी नक्की करा : खातं उघडतानाच्या अर्जाची प्रत, त्यावरचा मोबाइल नंबर, आणि तिन्ही व्यवहार ज्या एजंटच्या आयडीवरून झाले तो आयडी. एईपीएसचा प्रत्येक व्यवहार कुठल्या तरी बँक मित्राच्या, म्हणजे बँकेनं नेमलेल्या एजंटच्या, आयडीवर नोंदलेला असतो. चोराचं नाव तिथेच आहे.

ज्यांचे पैसे अजून आलेले नाहीत, त्यांनी मुलांच्या आधारचं बायोमेट्रिक आजच लॉक करा. मायआधारवर किंवा आधारच्या सरकारी ॲपमध्ये होतं, पैसे लागत नाहीत, गरज पडेल तेव्हा तात्पुरतं उघडता येतं. आधारला मुलांचा स्वतःचा चालू नंबर जोडलेला हवा, नाहीतर यातलं काहीच करता येणार नाही. महाडीबीटीवर अर्ज करायला सरकार एक रुपयाही घेत नाही. नेट कॅफेतून भरला तरी युजरनेम आणि पासवर्ड स्वतः टाका आणि घरी आल्यावर पासवर्ड बदला. प्रोफाइलमधला मोबाइल नंबर वाचा, नुसती हिरवी टिक बघून सोडू नका. सीडिंगसाठी आपल्याच शाखेत लेखी फॉर्म द्या, पोहोच घ्या, आणि आठवड्यानं सीडिंग स्टेटसमध्ये त्याच बँकेचं नाव दिसतंय का ते बघा. कॉलेज मूळ कागदपत्रं ठेवून घेत असेल तर देऊ नका, तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद एआयसीटीईनं त्याला मनाई केली आहे.

आणि एक. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेऊन ‘स्कॉलरशिप बसवून देतो’ म्हणणारा माणूस सरळ खोटं बोलतोय. प्रवेश फेरीचं अलॉटमेंट लेटर नसेल तर ही शिष्यवृत्ती बसत नाही.

ज्यांचे गेलेत त्यांनी मायआधारवरची ‘ऑथेंटिकेशन हिस्टरी’ लगेच डाउनलोड करा. कुठल्या तारखेला, किती वाजता, कुठल्या संस्थेसाठी अंगठा वापरला गेला ते त्यात दिसतं. आमच्या तक्रारीला जीव आला तो याच कागदामुळे. पण ती फक्त मागच्या सहा महिन्यांची मिळते, त्यामुळे पोलीस काय म्हणतात याची वाट न बघता आज रात्रीच काढून ठेवा.