ट्रेलरच्या हिचमधली काटामारी

आमच्या सांगली भागात ऊस कारखान्यावर न्यायच्या आधी बाहेरच्या खासगी काट्यावर तोलून घेणारी माणसं आहेत. माझे आजोबा त्यातले. कारखान्याचा काटा खरा असेल, नसेल. आपल्या खिशात आपली पावती हवी, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यांचा नातू मी, टेक्ससमध्ये येऊन सेल्समनच्या तोंडच्या वजनावर ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे ट्रकमागे ओढायचं फिरतं घर, घेतला आणि हिचच्या, म्हणजे ट्रक-ट्रेलर जोडणाऱ्या सांध्याच्या, पायी १,४०० डॉलरला गंडलो. मंडळातल्या आणखी दोघांची खरेदी तोंडावर आली आहे, म्हणून आकड्यांसकट लिहितोय.

ट्रेलर २६ फुटी. माहितीपत्रकात ड्राय वेट ५,३०० पाउंड, ड्राय टंग वेट, म्हणजे रिकाम्या ट्रेलरच्या पुढच्या टोकाचा ट्रकवर येणारा भार, ५४०. आमचा ट्रक हाफ-टन, म्हणजे हलक्या वर्गातला, पिकअप. सेल्समन म्हणाला, "तुमचा ट्रक ११,००० ओढतो, हा तर त्याच्या निम्मासुद्धा नाही." हिच कुठला घेऊ विचारलं तर, "ते आमच्यावर सोडा." आम्ही सोडलं. बिलावर आलं: वेट डिस्ट्रिब्युशन हिच, १,००० पाउंडी बार, १,१५० डॉलर; बसवणं आणि जुळवणी, २५० डॉलर.

बैलगाडी भरलेल्या माणसाला हे सगळं दोन वाक्यांत कळेल. माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, पुढे जास्त झाला की जू बैलांच्या मानेवर बसतं. ट्रेलरचंही तेच. भरलेल्या ट्रेलरच्या साधारण १० ते १५ टक्के वजन ट्रकच्या बॉलवर, म्हणजे ट्रेलरचं पुढचं टोक ज्यावर टेकतं त्या हिचच्या गोळ्यावर, यायला हवं. कमी आलं तर ट्रेलर शेपटी हलवत चालतो. पुरेसं आलं तर ट्रकचा मागचा भाग खाली बसतो, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंगला पकड राहत नाही. वेट डिस्ट्रिब्युशन हिचचे दोन स्प्रिंग बार ताणून बसवले की ते हा दाब थोडा पुढच्या चाकांवर आणि थोडा ट्रेलरच्या चाकांवर ढकलतात. वजन नाहीसं होत नाही, नुसतं वाटलं जातं. ट्रकने स्वतःच्या चाकांवर किती वजन घ्यावं, ही मर्यादा तर एक पाउंडनेही वाढत नाही. आमच्या सेल्समनने मात्र "हा हिच लावला की वजनाची काळजीच नको" असं छातीठोक सांगितलं होतं.

ट्रेलर ताब्यात घेतला त्या दिवशीचं दृश्य अजून डोळ्यांसमोर आहे. डीलरचं आवार उताराचं. मेकॅनिकने ट्रेलर जोडला, बारच्या साखळ्या ब्रॅकेटमध्ये अडकवल्या आणि नुसत्या हाताने, एका हाताने, खटकन वर केल्या. माझ्याकडे बघून म्हणाला, "बघा, किती सोपं आहे!" मीही कौतुकाने मान डोलावली. आता कळतं की तेवढं सोपं झालं याचाच अर्थ बारमध्ये ताण नव्हता. नीट ताणलेला बार बसवताना जोडलेल्या अवस्थेतच टंग जॅकने, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या टोकाच्या जॅकने, ट्रकचा मागचा भाग उचलून घ्यावा लागतो. त्याने टेप काढली नाही, चाकाच्या कमानीची उंची मोजली नाही, हिचच्या डोक्याचा कोन बदलला नाही. दहा मिनिटांत हात पुसून मोकळा. २५० डॉलर!

मार्चमध्ये मुलांच्या सुट्टीत २८७ नंबरच्या हायवेने पालो ड्युरो कॅन्यनला निघालो. विचिटा फॉल्सच्या पुढे बाजूचा वारा सुरू झाला. एक अठरा चाकी शेजारून गेला आणि ट्रेलर आधी त्याच्याकडे ओढला गेला, मग उलटीकडे. बायको म्हणाली, "अरे, मागे काहीतरी हलतंय." हलत होता आख्खा ट्रेलर, आणि माझ्या हातात स्टिअरिंग लोण्यासारखं फिरत होतं. नशिबाने ब्रेकवर पाय दिला नाही. ब्रेक कंट्रोलरची कळ हाताने दाबली, त्याने फक्त ट्रेलरचे ब्रेक लागले, गाडी सरळ झाली. पुढचा तासभर कुणी बोललं नाही.

पुढच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल होता, म्हणजे मालट्रकचा वजनकाटा. त्याचं बटण ट्रकवाल्यांच्या खिडकीच्या उंचीवर असतं, त्यामुळे उतरून, टाचा उंचावून दाबावं लागलं. आतून बाई विचारते, पहिल्यांदा की पुन्हा? तीन वेळा तोललं. ट्रक एकटा, आम्हा चौघांसकट: पुढे ३,३४०, मागे ३,०८०. ट्रेलर जोडून, बार न लावता: पुढे २,९६०, मागे ४,३२०, ट्रेलरची चाकं ५,८८०. डीलरने लावले तसे बार लावून: पुढे ३,०००, मागे ४,२४०, ट्रेलर ५,९२०.

पार्किंगमध्येच पावतीच्या पाठीवर गणित मांडलं. बॉलवर ५४० नाही, ८६० पाउंड. भरलेला ट्रेलर ६,७४०, म्हणजे टंग वेट पावणेतेरा टक्के. वाटा ठीकच होता, वजन खोटं होतं. ड्राय वेट म्हणजे गॅस, बॅटरी, पाणी, भांडीकुंडी काही न धरता छापलेला आकडा. नुसतं पाणीच गॅलनला ८.३ पाउंड भरतं. पुढची चाकं ३८० पाउंडने हलकी झालेली, त्यातले बारांनी परत आणले फक्त ४०. आणि ट्रकच्या दाराच्या चौकटीवर मागच्या अॅक्सलची मर्यादा लिहिली होती ४,१५०. बार लावूनसुद्धा आम्ही तिच्या ९० वर होतो. ११,००० च्या गप्पा मारताना ते दार कुणी उघडलंच नव्हतं, मीसुद्धा नाही. रिसीव्हरखालच्या, म्हणजे ट्रकमागच्या ज्या चौकोनी नळीत हिच बसतो तिच्याखालच्या, पट्टीवरही दोन वेगळे आकडे असतात, नुसत्या बॉलवर किती आणि वेट डिस्ट्रिब्युशन लावून किती. आमच्या ट्रकला नुसत्या बॉलवर ५०० पाउंडच टंग वेट चालतं. ती पट्टी मी रस्त्यावर पाठीवर झोपून पहिल्यांदा वाचली.

तोवर मला वाटत होतं की हा निष्काळजीपणा आहे. घरी आल्यावर बार साफ करायला घेतले. टोकाकडचा स्टिकर खरवडलेला होता. ग्रीस पुसलं, काळ्या रंगावर रॉकेलचं फडकं फिरवलं, तर खाली धातूत ठोकलेला आकडा: ६००. बिलावर १,०००. ही मात्र सरळ काटामारी. जुने बार रंगवून नव्याच्या भावाने लावले होते.

फोन केला तर आधी "तुम्ही सामान जास्त भरलंत", मग "मॅनेजर सुट्टीवर आहेत". हिचचं बिल सुदैवाने ट्रेलरच्या कर्जात न घालता क्रेडिट कार्डावर वेगळं भरलं होतं. ठोकलेल्या आकड्याचा फोटो, बिल आणि काट्याच्या तिन्ही पावत्या बँकेला पाठवल्या. कार्डाच्या तक्रारीला स्टेटमेंट आल्यापासून ६० दिवसांची मुदत असते. माझे पन्नास उलटले होते. शिवाय टेक्ससच्या ग्राहक कायद्यानुसार डीलरला रजिस्टर्ड पत्र धाडलं. हिचचे १,१५० परत आले. जुळवणीचे २५० नाही, कारण "काम झालेलं आहे".

नवे १,००० पाउंडी बार मी स्वतः बसवले, सपाट जागेवर, ट्रकचं पुस्तक समोर ठेवून. उगाच १,२०० चे घेतले नाहीत. गरजेपेक्षा ताठ बार ट्रेलरच्या सांगाड्याला मारतात. ट्रेलर जोडल्यावर ट्रकची पुढची बाजू जेवढी उचलली जाते, त्यातली निम्मी उंची परत खाली आणा असं आमच्या पुस्तकात आहे, तुमच्या गाडीचं वेगळं असू शकेल. काही गाड्यांना हा हिच चालतच नाही, तेही पुस्तकातच बघा. हिचचं डोकं दोन वॉशरने मागे झुकवलं आणि पुन्हा काट्यावर गेलो: पुढे ३,१८०, मागे ३,९४०, ट्रेलर ६,०४०. ३८० पैकी २२० परत.

परवा डीलरकडून फोन आला. ते ६०० वाले बार परत हवेत म्हणे, मूळ खोक्यासकट. खोकं मी कधी पाहिलंच नाही, असं सांगितल्यावर पलीकडचा बराच वेळ गप्प होता.