‘चालेल’ म्हणणारा एकमेव घरमालक

घर प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, हे मला तोंडपाठ होतं. मी घर पाहिलं होतं. दोनदा पाहिलं होतं. मुलीला घेऊन गेलो होतो, सगळे नळ सोडून बघितले होते, किल्ली माझ्या हाताने कुलपात फिरवली होती. तरी दोन महिन्यांच्या भाड्याइतकं डिपॉझिट आणि पहिल्या महिन्याचं भाडं, म्हणजे माझा दीड महिन्याचा पगार, गेला. घर शोधणाऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून लिहितोय. विशेषतः जे एकट्याने मूल सांभाळतात आणि नोकरीही करतात, त्यांच्या.

मी आणि माझी मुलगी, दोघंच. ती ७ वर्षांची आहे. तिची आई आमच्यासोबत नसते; ती कहाणी इथे नको. आधीच्या घरमालकांना घर मुलासाठी हवं होतं, त्यांनी दोन महिन्यांची मुदत दिली. सभ्य माणूस, तक्रार नाही. पण मला घर तिच्या शाळेपासून चालत जाण्याइतकं जवळच हवं होतं, कारण शाळा सुटते तेव्हा मी कामावर असतो आणि तिला सांभाळणाऱ्या मावशी त्या भागातच राहतात. म्हणजे शोधायला मोजून पाच-सहा गल्ल्या.

पाच आठवड्यांत १९ फोन केले. फोनवरचं बोलणं मला पाठ झालं होतं.

“कोण कोण राहणार?”

“मी आणि मुलगी.”

“आणि मिसेस?”

“नाहीत.”

मग थोडा वेळ शांतता, आणि “बरं, कळवतो.” कळवलं कुणीच नाही. एका एजंटने निदान सरळ विचारलं, “साहेब, तुम्हाला बॅचलरमध्ये धरू की फॅमिलीत?” एक बाई म्हणाल्या, “तुम्ही दिवसभर बाहेर, पोर घरात एकटं. उद्या गॅस उघडा राहिला तर?” एकांनी हिशेब मांडला: एकच पगार, नोकरी गेली की भाडं कुठून येणार? खरं सांगायचं तर यातला एकही प्रश्न मला मूर्खपणाचा वाटला नाही. रात्री झोप येत नाही तेव्हा मीही हेच प्रश्न स्वतःला विचारतो. पण तेच तेच पाच आठवडे परक्या माणसांकडून ऐकलं की माणूस खचतो. शेवटी एकदा मी फोनवर ठोकून दिलं, “मिसेस सध्या माहेरी आहेत.” मुलगी शेजारीच चित्र रंगवत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, “मिसेस म्हणजे आई का?”

त्यानंतर दोन दिवसांनी ती जाहिरात दिसली. शाळेपासून सात मिनिटं. भाडं आजूबाजूच्या घरांपेक्षा थोडंसंच कमी, दहाएक टक्के. निम्म्या भाड्यात बंगला अशी जाहिरात असती तर मी हसून पुढे गेलो असतो. फोटोही साधेच होते.

फोनवर पन्नाशीतल्या माणसाचा आवाज. मी सवयीने स्वतःच सांगून टाकलं, दोघंच आहोत, मुलीची आई सोबत नसते. पलीकडून लगेच उत्तर आलं, “चालेल की. माझ्या बहिणीने एकटीने दोन मुलं वाढवलीत. मला माहितीय काय असतं ते.”

खरं तर मी तिथेच फसलो. पैसे पाच दिवसांनी गेले, इतकंच. बाकीचे सगळे मला तपासत होते, हा एकटाच तपासत नव्हता, आणि मला तो चांगुलपणा वाटला. ज्याला खरंच आपलं घर परक्याच्या ताब्यात द्यायचंय, तो भाडेकरू कुठे कामाला आहे हे विचारल्याशिवाय राहत नाही. याने ते विचारलंच नाही. मुलीची शाळा कुठली, ती कितवीत, तिला कुठला रंग आवडतो, एवढं विचारलं.

घर दाखवायला स्वतः आला. स्वच्छ शर्ट, चष्मा, हळू बोलणं. मुलीला ‘बाळा’ म्हणत छोट्या खोलीत घेऊन गेला आणि म्हणाला, “ही तुझी. सकाळचं ऊन इथे येतं.” तिने लगेच दप्तरातून एक स्टिकर काढून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. मी ओरडणार तेवढ्यात तोच म्हणाला, “असू दे हो, तिचंच घर आहे.” आजही हे वाक्य आठवलं की मुठी आवळतात.

आता, मला त्या घरात काय काय दिसलं होतं ते सांगतो. दिसलं होतं, पण मी प्रत्येक गोष्टीला स्वतःच उत्तर शोधून दिलं. फ्रिजमध्ये पाण्याच्या दोन सीलबंद बाटल्या, बाकी काही नाही. बाथरूममध्ये कागदात गुंडाळलेला इवलासा साबण आणि दोन पांढरे टॉवेल, दोन्हींची घडी एकसारखी. दाराजवळच्या भिंतीवर लॅमिनेट केलेला कागद: वायफायचा पासवर्ड, कचरा कुठे टाकायचा, निघताना एसी बंद करा. निघताना! स्वतःच्या घरातून ‘निघताना’ काय करायचं ते कोण भिंतीवर लावून ठेवतं? आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे बाल्कनीचा दिवा. तो लावायला त्याने तीन बटणं दाबून पाहिली. आधी पंखा, मग आतला दिवा, मग भलतंच काहीतरी. हसून म्हणाला, “आम्ही इथे कुठे राहतो, घर भाड्यानेच असतं.” मीही हसलो.

घर रोजाच्या भाड्याने दिलं जाणारं होतं. या माणसाने ते तीन रात्रींसाठी घेतलं, दाराजवळच्या नंबरच्या पेटीतली किल्ली काढली, तिच्या नकला करून घेतल्या आणि घरमालक होऊन बसला. या प्रकारात ‘घर पाहून घ्या’ हा सल्ला काही कामाचा नाही. तुम्ही घर पाहावं अशी त्याचीच इच्छा असते.

दुसऱ्या भेटीत करार. प्रत्येक पानावर सही, त्याच्या ओळखपत्राची प्रत जोडलेली. करार खरा दिसायला काय लागतं? एक प्रिंटर. ओळखपत्रावरचं नाव त्याचंच होतं की नाही देव जाणे, पण ते नाव आणि घराच्या कागदांवरचं नाव जुळतं का, हे मी पाहिलंच नाही. घराचे कागद मागितलेच नव्हते. मागायला जीभ रेटेना. ज्याने इतक्या सहज ‘चालेल’ म्हटलं त्याच्यावर अविश्वास दाखवायचा आणि तो बिथरला तर? पुन्हा विसावा फोन करायचा?

पैसे द्यायची वेळ आली तेव्हा खातं तिसऱ्याच नावाचं निघालं. “पुतण्याचं आहे. माझ्या खात्याचं केवायसी अडकलंय.” मी क्षणभर थांबलो. त्याने घाई केली नाही, उलट म्हणाला, “तुम्ही विचार करा, संध्याकाळी एक जोडपं येतंय बघायला. पण मला ते तुम्हालाच द्यायचंय, छोटीसाठी.” मी तिथेच उभ्या उभ्या पैसे पाठवले. त्याने किल्ली दिली. मी कुलूप उघडून बघितलं, उघडलं. म्हणाला, आत रंगाचा थोडा हात फिरवायचाय, शनिवारी सकाळी सामान आणा. तो दिवस मंगळवार होता.

शनिवारी टेम्पो खाली उभा करून मी वर गेलो, किल्ली लावली, दार उघडलं. समोर बनियनवर एक माणूस, तोंडात टूथब्रश. आम्ही दोघंही एकमेकांकडे बघत राहिलो. आतून बाईचा आवाज आला, “कोण आहे?” खालून टेम्पोवाला ओरडत होता, “साहेब, उतरवू का सामान?”

तो बिचारा दोन दिवसांच्या मुक्कामाला आलेला पाहुणा. त्याच्याकडूनच खऱ्या मालकांचा नंबर मिळाला. त्यांच्याशी बोलत असतानाच जिन्यावरून एक नवं जोडपं वर आलं, हातात तशीच किल्ली. तासाभराने एक आजोबा आले, सुनेसोबत. तीन किल्ल्या, तीन करार, सह्या त्याच माणसाच्या. मुलगी टेम्पोत पुढच्या सीटवर बसून होती. मी खाली गेल्यावर म्हणाली, “बाबा, रंग ओला आहे का अजून?”

बँकेत समजलं की पैसे त्या खात्यात चाळीस मिनिटंही राहिले नव्हते. तिथून तुकडे होऊन चार-पाच खात्यांत, पुढे रोख. आणि ‘पुतण्या’ म्हणजे एक कॉलेजचा मुलगा. त्याने आपलं खातं महिन्याच्या बोलीवर कुणाला तरी वापरायला दिलेलं. अशी भाड्याची खाती हा या धंद्याचा कणा. त्यामुळे फसवणूक लक्षात आली की पहिला फोन बँकेला करा, दार ठोठावत बसू नका. पैसे कुठल्यातरी खात्यात पडून असतील तोवरच ते गोठवता येतात, आणि तो वेळ मिनिटांत किंवा तासांत मोजायचा असतो. माझे चार दिवस तर ‘रंग वाळण्यात’ गेले होते. शनिवार का ठेवला असेल ते आता कळतं: तोवर त्याने घर सोडलेलं, पैसे पार झालेले.

पोलिसांत जायला मी दोन दिवस लावले, आणि कारण फक्त लाज. कामावर हिशेब तपासणं हे माझं काम. मी फसलो हे सांगू कुणाला? ऑफिसमधल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने तेव्हा व्हिक्टर लुस्टिगची गोष्ट सांगितली. १९२५ मध्ये या माणसाने पॅरिसचा आयफेल टॉवर भंगारात विकला होता. अनेक भंगारवाल्यांमधून त्याने नेमका असा एक निवडला ज्याला मोठ्या लोकांत मान मिळवायची आस लागलेली होती. आणि फसलेला तो गृहस्थ लाजेने पोलिसांकडे गेलाच नाही, म्हणून लुस्टिग पुन्हा टॉवर विकायला आला, असं सांगतात. मला त्यातलं विक्रीपेक्षा निवडीचं जास्त लागलं. आमच्या तिघांतही एक सूत्र होतं. त्या जोडप्याने दोन्ही घरांचा विरोध पत्करून लग्न केलेलं. आजोबांना नकार मिळत होता, कारण अंथरुणाला खिळलेली बायको सोबत होती. ज्यांना बाकीचे ‘कळवतो’ म्हणतात, तेच त्याने वेचले होते.

तिघांनी मिळून तक्रार केली. त्या जोडप्यातल्या मुलीने घर पाहताना आईला दाखवायला व्हिडिओ काढला होता, त्यात त्याचा आवाज आणि अर्धा चेहरा आहे. तपास चालू आहे. पैसे आलेले नाहीत.

आले ते फोन. महिनाभराने एक गोड बोलणारी बाई, “सर, तुमची रक्कम ट्रेस झालीय, प्रोसेसिंग फी भरलीत की परत मिळेल.” तिला माझी रक्कम पैशासकट माहीत होती. एकदा फसलेल्यांच्या याद्या पुढे विकल्या जातात, हे मला तेव्हा कळलं. आणि कबूल करतो, मी ‘फी किती’ असं विचारलं होतं. मग भानावर येऊन फोन ठेवला.

नंतर एका रात्री जाहिरातीतला फोटो इमेज सर्चमध्ये टाकून पाहिला. दोन मिनिटं लागली. तेच घर, तेच पडदे, रोजाच्या भाड्याच्या साइटवर, पाहुण्यांच्या अभिप्रायांसह. दोन मिनिटं! टेम्पो ठरवायला मी यापेक्षा जास्त वेळ घासाघीस केली होती. तसंच, समोरच्या दाराची बेल वाजवून ‘इथे कोण राहतं हो?’ एवढं विचारलं असतं तरी काम झालं असतं. नंतर विचारलं तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, “तिथे रोज नवीन लोक असतात, आम्ही आता बघतही नाही.” घराच्या कराची पावती, विजेचं बिल, ओळखपत्र आणि बँक खातं, या चारांवर एकच नाव हवं. वेगळं असेल तर कारण कितीही पटणारं असो, पैसे खिशातच राहू द्या. आणि ते मागायला लाजू नका, मी लाजलो.

आता जिथे राहतो त्या घरमालकीण बाईंनी मला अक्षरशः सोलून काढलं. पगाराच्या तीन स्लिपा, आधीच्या मालकांचा नंबर, मुलगी शाळेतून आल्यावर कुणाकडे असते, त्या मावशींचाही नंबर. मी सगळं दिलं आणि मग कराची पावती मागितली. त्यांच्या कपाळाला आठी पडली, पण उठून आणली. मग मी विचारलं, पाण्याचा मेन व्हॉल्व्ह कुठे आहे?

त्या ओट्याखाली वाकल्या, टॉर्च मारला आणि म्हणाल्या, “हा बघा. उलटा फिरतो. त्या मेल्या प्लंबरला तीनदा सांगितलं नीट बसव म्हणून, ऐकलं नाही. आणि बाल्कनीचं बटण सैल आहे, जोरात दाबायचं नाही, आधीच सांगते.”

मी त्याच संध्याकाळी करार केला.